अण्णा मागनं यायला लागलेत

चार वर्षांनी सासूबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं : "जावईबापू, पोट सुटलंय की वो तुमचं."

मी शेगडीत लाकूड सरकवत होतो. बाहेर उणे चोवीस अंश, खिडकीच्या काचेवर बर्फाची जाडजूड साय, आणि आत त्या लाकडी घरात मी नुसत्या बनियनवर. हातातलं लाकूड पायावर पडलं. गेली चार वर्षं या बाईंनी मला कधी गॅसवाला समजून पाणी विचारलं होतं, कधी चोर समजून काठी उगारली होती. आता त्या अंथरुणात उठून बसल्या होत्या, केसांवरून हात फिरवत होत्या आणि माझ्या पोटाकडे बघून हसत होत्या. तेच जुनं, एका बाजूला झुकणारं हसू. मी भोकाड पसरलं. मला रडू पटकन येतं आणि राग त्याहून पटकन येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मृणाल, म्हणजे माझी बायको, चहाचं भांडं तसंच टाकून धावत आली. "आई?"

"काय गं, अशी का बघायलीस? आणि मला ही विजार कुणी घातली?"

मृणालनं आईला जी मिठी मारली ती सोडेचना. दारात आमची रेवा उभी होती, आठ वर्षांची, टोपीच्या आतून फक्त डोळे दिसणारी. सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "ही रेवा? एवढी कवा झाली?" मग त्यांनी आम्हा तिघांच्या मागे, दाराकडे नजर टाकली आणि विचारलं, "आणि हे कुठं हायेत?"

मृणालनं श्वाससुद्धा घेतला नाही. "अण्णा मागनं यायला लागलेत."

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "ते कवा वेळेवर आलेत?"

अण्णा वारल्याला तीन वर्षं झाली होती.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, मिरज जंक्शनला रेल्वेत गार्ड होते. त्यांची गाडी घड्याळ लावून घ्यावं अशी सुटायची. ते स्वतः मात्र जन्मात कुठे वेळेवर पोचले नाहीत. लग्नाला, बारशाला, नाटकाला त्यांचं एकच ठरलेलं असे, "तुम्ही व्हा पुढं, मी मागनं येतो." आणि येत. अक्षता पडून जायच्या, लोक पंगतीला बसायचे, तेव्हा हा माणूस घाम पुसत दारात हजर. सासूबाई त्यांच्या नावानं बोटं मोडत, पण ते आल्याखेरीज घास तोंडात घालत नसत. दोन ताटं झाकून ओसरीवर बसून राहत. मी नवा जावई असताना मला याचा भयंकर राग यायचा. बाईमाणसानं उपाशी का बसायचं, असं मी एकदा बोलून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "उपाशी कुठं? वाट बघायला लागलेय." 

मग सासूबाईंचा विसर सुरू झाला. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या, मग माणसं. अण्णांनी त्यांचं सगळं केलं. नोकरी संपलेली, त्यामुळे आता ते दिवसभर घरात, आणि आता त्यांना वेळेवर असलेलं बघायला ती बाईच जाग्यावर नव्हती. एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

मृणालनं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हंबरडा फोडला. थोड्या वेळानं डोळे पुसले, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कुठं हायेत?" पुन्हा सांगितलं. पुन्हा हंबरडा, तितकाच ताजा. असं दिवसभर चाललं. संध्याकाळी मृणाल मला म्हणाली, "एका दिवसात किती वेळा विधवा करायचं माझ्या आईला? आता बास." बायका बांगड्या उतरवायला आल्या तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. कोणी सासूबाईंच्या अंगाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी आईची वेणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या पुसून पुन्हा हातात सरकवायची. आणि आईनं विचारलं की सांगायचं, "अण्णा मागनं यायला लागलेत." ते ऐकून सासूबाई गालात हसायच्या. दूधवाला, शेजारपाजार, सांभाळणारी बाई, सगळ्यांना हे पढवलेलं होतं. रेवालासुद्धा, पाच वर्षांची होती ती तेव्हा. हळूहळू ते वाक्य आमच्या घरात रामराम म्हणावं तसं झालं. त्या दिवशी बर्फातल्या घरात मृणालच्या तोंडून ते निघालं ते असं, सवयीनं.

आता आम्ही पृथ्वीच्या डोक्यावर काय करत होतो ते सांगतो. माझं तासगावला बेदाण्याचं शीतगृह आहे. थंडीवर माझं पोट चालतं, तेच ते सुटलेलं. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं ते मला इतरांपेक्षा लवकर समजलं, असा माझा दावा आहे.

उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात जमिनीखाली राहणारी एक खार असते. हिवाळा आला की ती झोपते, तिचं अंग बर्फाइतकं गार पडतं, आणि मेंदूतल्या पेशींना एकमेकींशी जोडणारे सांधे झडून जातात. म्हणजे त्या काळात तिचा मेंदू जवळजवळ सासूबाईंच्या मेंदूसारखाच असतो. पण वसंतात अंग तापलं की ते सगळे सांधे काही तासांत पुन्हा फुटतात. आपलं बीळ, आपली पिल्लं, सगळं तिला आठवतं. हे घडवून आणणारं एक प्रथिन थंडीत तयार होतं. ते माणसातही आहे, पण अगदीच नावापुरतं. फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी ते वाढवायचं औषध शोधलं. रोग्याला आधी औषध द्यायचं, मग दोन दिवस गार दुलईत झोपवून अंगाचं तापमान चार-पाच अंशांनी खाली आणायचं, मग सावकाश तापवायचं. झडलेले सांधे पुन्हा फुटतात. माणूस परत येतो.

आठवड्यासाठी. फार तर दहा दिवसांसाठी. आणि आयुष्यात एकदाच, कारण दुसऱ्यांदा केलं तर मेंदूला सूज येते. शीतगृहातला हिरवागार बेदाणा बाहेर काढून ठेवला की काही दिवसांत काळा पडतो आणि पुन्हा आत ठेवून हिरवा होत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

हे नवे सांधे टिकायचे तर ते वापरात हवेत आणि अंगाला रोज थंडीही लागायला हवी. म्हणून उपचार इस्पितळात होतच नव्हता. इनारी सरोवराच्याही पलीकडे, चहूकडे नुसतं बर्फ आणि खुरटी झाडं असलेल्या रानात, एकेका कुटुंबाला एकेक लाकडी घर द्यायचे. डॉक्टरांच्या कागदावर गोळ्यांच्या जागी कुत्र्यांची गाडी, बर्फातली पायपीट आणि गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी असं लिहिलेलं. मिरजेत लोकांना आम्ही सांगितलं की हिवाळी सहलीला चाललोय. ते तसं खोटंही नव्हतं. मोबाइल, संगणक वगैरे सगळं केंद्रात जमा केलेलं. तसल्या उजेडानं कोवळ्या मेंदूला त्रास होतो म्हणे.

सासूबाई शुद्धीवर आल्या त्याच दिवशी डॉक्टर आइनो घसरगाडीवरून आल्या. साठीच्या, रुंद चेहऱ्याच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. कानात घातलेलं भाषांतराचं यंत्र त्यांचं बोलणं आम्हाला शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत ऐकवायचं. सासूबाई रेवाला घेऊन बाहेर बर्फात होत्या. मृणालनं डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी आईला खरं सांगू का?"

डॉक्टरांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग यंत्र बोललं, "आपण एक गोष्ट समजून घ्यावी. या दिवसांत घडलेल्या घटना त्या विसरतील. परंतु भावनांची जागा मेंदूत निराळी असते, आणि ती या रोगात उशिरापर्यंत शाबूत राहते. या दिवसांत त्यांना जे सर्वांत तीव्रतेने वाटेल, ते नंतरही उरेल. कारण जाईल, भावना राहील. आणि राहिलेली भावना स्वतःसाठी कारण शोधत राहते."

त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याची मुलं या दिवसांतच जमिनीवरून भांडली. पुढे तो मरेपर्यंत घाबरलेला राहिला. कशाला घाबरतोय ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

"त्यांना आनंदात ठेवावे," डॉक्टर म्हणाल्या. "निर्णय आपला आहे."

डॉक्टर गेल्यावर मृणाल मला म्हणाली, "ऐकलंत ना? आत्ता सांगितलं तर ती एकदाच रडायची नाही. उरलेलं सगळं आयुष्य रडेल, आणि का रडतेय तेही तिला कळायचं नाही. मी नाही सांगणार."

मला ते पटलं नाही. चार वर्षांनी माणूस शुद्धीवर आलाय आणि आपण त्याला पहिली गोष्ट खोटी सांगायची? पण आई तिची होती. मी म्हटलं, "तू म्हणशील तसं."

पुढचे चार दिवस मी काय वर्णू? असं सुख मी आधी पाहिलं नव्हतं. सासूबाई सत्तरीच्या उंबरठ्यावर, पण कुत्र्यांच्या गाडीत बसल्या की आमच्या सगळ्यांत तरण्या. आठ हस्की कुत्री जुंपलेली, समोर पांढरंशुभ्र रान, आणि सासूबाई ओरडतायत, "चल रं माझ्या राजा! अरं, त्या काळ्याला सांगा की वो कुणीतरी, नुसतं चालल्यासारखं करतंय, ओढत न्हाई!" गाडी हाकणाऱ्या पोरीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण तिनं खरंच त्या काळ्याची जागा बदलली. सासूबाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

पायाला जाळीदार फळ्या बांधून आम्ही रानात हिंडलो. मी चार वेळा पालथा पडलो. पाचव्या वेळी माझं डोकं फिरलं आणि मी त्या फळ्या काढून भिरकावल्या, तर कमरेपर्यंत बर्फात रुतलो. मायलेकी आणि नात, तिघी पोट धरधरून हसल्या. संध्याकाळी शेगडीपाशी बसून सासूबाई मृणालचे केस विंचरायच्या आणि चार वर्षांचं साठलेलं विचारायच्या. पेरूचं झाड राहिलं का? शीतगृहाचं दुसरं दालन झालं का? जावईबापू अजून जेवताना चिडतात का? मृणाल त्यांच्या मांडीवर डोकं टाकून उत्तरं द्यायची, आणि तिचा चेहरा लग्नातल्या फोटोत आहे तसा दिसायचा.

पण प्रत्येक गोष्टीत एक जागा रिकामी ठेवलेली असायची. "हे आले की त्यांना ह्या काळ्याच्या गाडीत बसवायचं." "हे आले की बघू, कसं चालतात ते ह्या चपला घालून." जेवायला बसताना त्या पाच ताटल्या मांडायच्या आणि स्वतः हात आवरून बसायच्या. पहिल्या दिवशी मृणाल म्हणाली, विमान चुकलंय त्यांचं. दुसऱ्या दिवशी, तिकडं हिमवादळ आहे. तिसऱ्या दिवशी मी उठून बाहेर लाकडं फोडायला गेलो, कारण मला ते ऐकवेना. "डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलंय," असं म्हणून मृणालनं त्यांना कसेबसे चार घास भरवले. खाताना त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

पाचव्या दिवशी आम्ही गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलो. सूर्य क्षितिजावर टेकलेला, सगळ्या बर्फावर गुलाबी उजेड. गिरमिटानं हातभर जाडीच्या बर्फाला भोक पाडलं, खाली काळंभोर पाणी दिसायला लागलं. रेनडिअरच्या कातड्यावर बसून चौघांनी भोकात गळ सोडले.  मग सासूबाई पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "मृणाल, हे मेलेत का?"

माझ्या हातातली दोरी सुटली.

"मेले असले तर सांग. मी काय कच्च्या मनाची न्हाई. रडीन आणि गप्प बसीन. मला आता सगळं कळतंय, तवाच सांग."

मृणालनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बोल, बोल. तिच्या कानात डॉक्टरांचे शब्द घुमत असणार. तोंड मिटलं.

सासूबाईंनी तिच्याकडून नजर काढली आणि रेवाला जवळ घेतलं. "रेवा, तू सांग बाळा. आजोबा कुठं हायेत?"

रेवानं मान वर केली नाही. गळाच्या दोरीला गाठ मारत ती शांतपणे म्हणाली, "अण्णा मागनं यायला लागलेत."

इतकं सहज. पाच वर्षांच्या पोरीला आम्ही शिकवलेलं, तिनं ते चोख पाठ ठेवलेलं. मला त्या क्षणी आम्हा दोघांची लाज वाटली, तितकी आयुष्यात कधी वाटली नाही.

सासूबाईंनी हातमोजा काढला. मनगटावरच्या बांगड्यांकडे पाहिलं, कपाळाला बोट लावून पाहिलं, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं.

"पोर खोटं बोलायची न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि माणूस मेला असता तर तुम्ही माझं कपाळ असं ठेवलं नसतं. म्हणजे हायेत." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "हायेत, आणि आले न्हाईत."

"आई," मृणाल घाईघाईनं म्हणाली, "त्यांना प्रवास झेपत नाही गं आता. वय झालं."

"माझं न्हाई झालं? मला डोकं न्हवतं तरी तुम्ही इथवर आणलं. मला झेपलं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं ह्यांची ताटं झाकून बसले. कवा तक्रार केली न्हाई, कारण येत हुते. कितीबी उशीर हू दे, येत हुते. मी माणसात नसताना आले नसते तर मी काय बोलले नसते. आता आठ-दहा दिवस मी माणसात हाय, डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंय समदं. एकदा यायचं हुतं त्यांनी."

त्यांनी गळ वर ओढला, दोरी नीट गुंडाळली आणि घराकडे चालू लागल्या. मासा एकही लागला नव्हता.

त्यानंतर त्या कुत्र्यांच्या गाडीत बसल्या, पण कुणाला राजा म्हणाल्या नाहीत. पायपिटीला आल्या, सांगितलं तेवढं चालल्या. जेवायला चारच ताटल्या मांडल्या आणि सगळ्यांच्या आधी जेवून उठल्या. एका दुपारी मृणाल काहीतरी सांगायला लागली, "अण्णा म्हणायचे ना," तर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. रुसवा नव्हे तो. रुसलेल्या माणसाला कुणीतरी समजूत काढायला येईल अशी आशा असते.

सातव्या दिवशी संध्याकाळी सासूबाई पडल्या होत्या आणि आम्ही दोघं लाकडाच्या खोपीत होतो. माझा तोल गेला. मी म्हटलं, "सांग त्यांना! आत्ताच्या आत्ता सांग!"

"आणि ते रडणं तिच्याजवळ कायमचं राहिलं तर? तुम्ही नव्हता तिच्यापाशी त्या दिवशी, मी होते. प्रत्येक वेळी मी सांगितलंय."

"राहू दे की रडणं! नवरा मेला म्हणून रडतील. प्रेमापायी रडतील. आता त्यांच्या मनात जे चाललंय ते राहिलं तर काय करशील? टाकलेल्या बाईचं दुःख आहे ते. त्या माणसानं त्यांना जन्मात टाकलं नाही, आणि आपण त्याच्या नावावर हे खपवतोय!"

मृणाल माझ्याकडे बघतच राहिली.  तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. खरं तर तोंडून निघेपर्यंत माझ्याही आलं नव्हतं. आम्ही दोघंही इतके दिवस फक्त शोकाला भीत होतो. शोकापेक्षा वाईट काही मागे उरू शकतं, हे आमच्या डोक्यातच शिरलं नाही.

"अण्णांना काय वाटेल हो?" ती म्हणाली आणि लाकडांच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडली. मी तिच्या शेजारी बसलो. माझा राग कुठल्या कुठे गेला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "सकाळी सांगते. आज ती दमलीय. सकाळी उठली की पहिलं तेच."

डॉक्टरांच्या हिशेबानं अजून दोन-तीन दिवस हातात होते.

सकाळी मृणालनं चहा केला, आईच्या आवडीचं आलं किसून घातलं, आणि पलंगापाशी गुडघे टेकून बसली. सासूबाईंनी डोळे उघडले. मृणालकडे बघून त्या सौजन्यानं हसल्या, आगगाडीत समोरच्या बाकावरच्या बाईकडे बघून हसतात तसं.

"बाई, जरा पाणी मिळंल का?"

मृणालनं तरी सांगितलं. कप हातात तसाच धरून सगळं सांगितलं : अण्णा कधी गेले, कसे गेले, खुर्चीत शेवटपर्यंत आईचीच चादर शिवत बसले होते ते, आम्ही का लपवलं ते. सासूबाई तिच्या तोंडाकडे मन लावून बघत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "बरं." आणि पुन्हा पाणी मागितलं. मी बाहेर जाऊन लाकडांच्या ढिगाला लाथा घातल्या. पायाचं नख निघालं, आणखी काय होणार?

आता आम्ही मिरजेला आहोत. या गोष्टीला सहा महिने होऊन गेले. सासूबाईंची तब्येत तशी ठीक आहे. खातात, झोपतात, मांजराशी बोलतात. पण पूर्वी फाटक वाजलं की त्यांचा चेहरा उजळायचा. विसरलेल्या अवस्थेतली तीन वर्षं त्या, कुणाची ते न कळता, आनंदानं वाट बघत होत्या. आता फाटक वाजलं की त्यांचे ओठ घट्ट मिटतात आणि मान दुसरीकडे वळते. आमचं ते जुनं वाक्य रेवानं एकदा चुकून म्हटलं, तर त्यांनी हातातली वाटी ठेवून दिली आणि आत निघून गेल्या. मी डॉक्टर आइनोंना फोन केला. यंत्रानं मला सांगितलं, "आम्हाला खेद आहे." मी त्यावर जे बोललो त्याचं भाषांतर यंत्रानं केलं नसावं, अशी आशा आहे.

मला मृणालचा राग यायला हवा होता. येत नाही. ती आता दररोज आईला खरं सांगते. एके काळी जे सांगायला ती तयार नव्हती, तेच दिवसातून दोनदा, तीनदा. निदान एकदा आईनं रडावं, एवढ्यासाठी. सासूबाई ऐकतात, शेजारणीची हकिगत ऐकावी तशा. त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

काल संध्याकाळी ओसरीवर मृणाल त्यांच्या पायाशी बसली होती. मी पायरीवर होतो. ती म्हणत होती, "ते वारले गं, आई. असते तर आले असते. त्या बर्फातनं चालत आले असते. कितीही उशीर झाला असता तरी आले असते." बोलता बोलता तिचा बांध फुटला. आईच्या मांडीत तोंड खुपसून ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

सासूबाई गोंधळल्या. मग त्यांनी हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोपटत राहिल्या.

"रडू नको बाई," त्या म्हणाल्या. "कोण गेलं? वडील गेले का तुझे?"

मृणालनं मांडीतूनच होकारार्थी मान हलवली.

"लई वाईट झालं," सासूबाई म्हणाल्या. त्या बराच वेळ तिचे केस मागे सारत राहिल्या. "पण तुझं तरी बरं म्हणायचं. गेलेल्या माणसाला कोण काय बोलणार? त्याला यायचं असलं तरी येता येत न्हाई. आमचे हायेत. हायेत, आणि आले न्हाईत."